चिऊ, दोन महिन्यात सोडू नकोस

प्रिय चिऊ,

काल रात्री फोनवर तू म्हणालीस की बाबा दोन महिने झाले जिमला जातेय, वजन आठशे ग्रॅम कमी झालंय फक्त, कंटाळा आला, सोडून देते आता. मी नुसतं बरं म्हणालो आणि फोन आईकडे दिला, पण नंतर झोप लागेना. तू ऑफिसमधून दमून आलेली असतेस, कुकर लावलेला असतो, त्यात मी काय बोलणार. म्हणून आज सकाळी फिरून आलो, चहा घेतला आणि बसलो टाईप करायला. लांब होणार आहे, सावकाश वाच, जेवताना वाचू नकोस.

एक गोष्ट तुला आम्ही कधी नीट सांगितलीच नाही. तू इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतीस तेव्हा कंपनीच्या मेडिकलमध्ये माझी शुगर निघाली, एचबीएवनसी, म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांतली सरासरी साखर सांगणारा रिपोर्ट, 7.9. तुला सांगितलं थोडीशी आहे म्हणून, कारण तुझी परीक्षा चालू होती. मी फार घाबरलो होतो गं. तुझ्या आजोबांचा पाय शुगरनेच गेला, ते सगळं मी दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून बघितलंय. त्या भीतीपोटी मी एका जिमची वर्षभराची फी एकदम भरून टाकली, आणि पहिल्याच आठवड्यात तिथल्या पोराने मला जमिनीवरून वजन उचलायला लावलं, पाठ कशी ठेवायची, श्वास कधी घ्यायचा काही सांगितलं नाही, चौथ्या दिवशी कंबरेत अशी चमक भरली की मोजे सुद्धा आईने घालून द्यायचे. तीन आठवडे रजा टाकली. कंबर झाली बरी, पण पुढचं जवळजवळ अख्खं वर्ष मी काहीच केलं नाही, व्यायाम शब्द काढला की नको वाटायचं. त्या वर्षाचं मला अजून वाईट वाटतं. तू सोडते म्हणालीस ना तेव्हा मला तेच वर्ष आठवलं.

मग डॉक्टर बदलले. या डॉक्टरांनी मला समजावलं की रक्तातल्या लाल पेशी साधारण 120 दिवस जगतात, त्यांना जेवढी साखर चिकटते ती हा रिपोर्ट मोजतो, त्यामुळे तुम्ही आज पासून कितीही चांगलं वागा, पुढच्या महिन्यात काही फार दिसणार नाही, तीन महिन्यांनी या. आणि काम काय दिलं, तर दोन्ही जेवणांनंतर पंधरा मिनिटं चालायचं, बस. चालताना मांड्या पोटऱ्यांचे स्नायू रक्तातली साखर थेट ओढून घेतात, त्यासाठी त्यांना इन्सुलिनवर फारसं अवलंबून राहावं लागत नाही. मला वाटलं एवढ्याने काय होणार. पण केलं. तीन महिन्यांनी 7.5, मग 7.1, आणि वर्ष होता होता 6.5. गोळी चालू आहे, ती बंद झाली असं मी म्हणत नाही. पण पहिले दोन महिने मला स्वतःला काडीचाही फरक जाणवला नव्हता हे तू लक्षात घे.

काडीवरून आठवलं, मामाकडची गोष्ट. तुला द्राक्ष म्हटलं की फेब्रुवारी मार्चमध्ये घरी येणारी पेटी माहिती, पण रिटायर झाल्यापासून मी मामाच्या बागेत पिंपळगावला वरचेवर जातो आणि खरं सांगतो, त्या बागेने मला जेवढं शिकवलं तेवढं कोणी शिकवलं नाही. आपल्याकडे द्राक्षाची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तेव्हा सगळी बाग बोडकी, मंडपावर नुसते ओलांडे, म्हणजे वेलीच्या आडव्या जाड फांद्या, बघवत नाही. मग ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, त्यानंतर फळ धरतं आणि चारेक महिन्यात माल तयार. मला वाटायचं की खरी मेहनत गोडी छाटणीनंतरची. मामा म्हणाला नाही दाजी, माल ठरतो उन्हाळ्यातच. खरड छाटणीनंतर नवी काडी फुटते आणि तिच्या डोळ्यात, म्हणजे पेरावरच्या कोंबात, महिना दीड महिन्यानंतर घड तयार व्हायला लागतो, बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. त्या दिवसात ऊन कमी पडलं, ढगाळ राहिलं, पाण्याचं खताचं चुकलं, की पुढे तुम्ही काय वाटेल ते करा, घड कमीच.

गेल्या सप्टेंबरमध्ये तो छाटणीच्या आधी काड्या तपासायला लॅबमध्ये घेऊन गेला, मीही गेलो. तिथल्या मुलीने काडीवरचा एक डोळा ब्लेडने उभा कापला आणि मायक्रोस्कोपखाली ठेवला. मी वाकून पाहिलं तर आत पांढुरका, एवढासा, पण घडाचाच आकार. चिऊ, माझ्या अंगावर काटा आला. बाहेर काडी तपकिरी, वाळकी, जळणाला घालावी अशी, आणि आत फेब्रुवारीचं द्राक्ष जूनपासून बसलेलं. तू पण जूनमध्येच सुरू केलंस ना. तेव्हा वजनकाट्यावर रोज चढू नकोस. जिना चढताना दम कमी लागतोय का, झोप लागते का नीट, ते बघ.

आणि ते घड्याळ. दहा हजार पावलं झाली नाहीत की रात्री साडेअकराला हॉलमध्ये फेऱ्या मारतेस हे मला तुझ्या रूममेटकडून कळलं. हा दहा हजाराचा आकडा कुठून आला ते मी वाचलं, 1964 च्या टोकियो ऑलिंपिकनंतर 1965 मध्ये जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं, त्याचं नावच दहा हजार पावलं मोजणारं असं होतं, तिथून तो जगभर पसरला. कुठल्या डॉक्टरने ठरवलेला नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते आठवड्याला 150 मिनिटं जरा दम लागेल असा व्यायाम, आणि दोन दिवस ताकदीचा. एवढंच. तू आठवड्यातून तीन दिवस जिमला जा, पण तीनच दिवस, दोन वर्षं जा. नीट शिकवणारा ट्रेनर बघ मात्र, याबाबतीत मी काही ऐकणार नाही.

मी रोज सकाळी कृषीनगरच्या ट्रॅकवर जातो. तिथे एक आजी येतात, नऊवारीत, पायात कॅनव्हासचे बूट, त्या कोणाशी बोलत नाहीत, चार फेऱ्या मारतात आणि जातात. पावसात छत्री घेऊन चार फेऱ्या. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची धावपटू कविता राऊत 2010 च्या कॉमनवेल्थमध्ये दहा हजार मीटरला ब्राँझ घेऊन आली तेव्हा आपण टीव्हीसमोर उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या, आठवतंय का, तू किती लहान होतीस. ती तर खूपच मोठी गोष्ट आहे. पण मला रोज घराबाहेर काढतात त्या आजी.

आता खाण्याचं. तुझ्या त्या डब्याच्या पावडरवर मी बोललो की तू चिडतेस म्हणून बोलत नाही, ती घे हवी तर, पण तिच्यासोबत पोळी भाजी बंद केलीस हे मला पटत नाही. प्रोटीन आपल्या घरात नव्हतं का? आईचे हुलग्याचे शेंगोळे काय आहेत मग? मोड आलेली मटकी, शेंगदाण्याची चटणी, अंडं. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास असतं, शंभर ग्रॅम शेंगदाण्यात पंचवीसच्या आसपास, तुझ्या त्या ॲपमध्येच बघ. आणि नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी, पेठ सुरगाण्याकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या ती खाऊन डोंगर चढतात, शंभर ग्रॅमला तीनशे मिलीग्रॅमच्या वर कॅल्शियम आहे तिच्यात. दसऱ्याला येशील तेव्हा पाच किलो पीठ देतो बरोबर, भाकरी थापता येत नसेल तर आंबील कर, ताक घालून, मीठ आणि जरासा लसूण, दहा मिनिटांचं काम आहे.

परवा बुधवारी मी आणि आई गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात गेलो होतो. रानभाज्या आल्यात, कर्टुली, कुर्डू, भारंगी. एक बाई भारंगीच्या जुड्या घेऊन बसली होती, आईने विचारलं कडू लागेल का हो, तर ती म्हणाली दोनदा उकळून पाणी टाका आणि डाळ घाला, मग लेकरं पण खातात. आईने तसंच केलं, मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. वर्षातून दीड दोन महिनेच मिळतात या भाज्या, तू इथे नव्हतीस याची चुटपुट लागली. आणि मिसळ सोडू नकोस बाई, महिन्यातून एकदा खा, पण ऑफिसच्या खुर्चीत बसून पार्सल नको, तर्री गरम असताना, वर पापड दही घेऊन, चार माणसांत बसून खा. त्यातही मटकीच असते की.

आता सुट्टी. तू दिवाळीनंतरचा प्लॅन पाठवलास, चार दिवसात सात ठिकाणं. एक्सेलमध्ये वेळा घातल्यात, 9:40 ला पॉइंट, 10:25 ला निघायचं. चिऊ, तू आमच्यासाठी एवढी मेहनत घेतलीस त्याचं मला कौतुकच आहे, पण नको गं. आई आणि मी मागे एका टूरबरोबर साऊथला गेलो होतो ना, सहा सात आठ, म्हणजे सहाला उठायचं सातला नाश्ता आठला बस, दहा दिवस. परत आल्यावर आईला मंदिरं वेगवेगळी आठवेनात, सगळी एकात एक मिसळली होती. त्याउलट तू चौथीत असताना आपण रतनवाडीला चार दिवस राहिलो, भंडारदऱ्याच्या मागे, मे महिन्याच्या शेवटी, ते मला आजही तासातासाने सांगता येईल. ज्यांच्या घरी राहिलो तिथल्या मावशी चुलीवर इंद्रायणीचा भात शिजवायच्या त्याचा वास ओसरीपर्यंत यायचा. खाचरात भाताच्या रोपांसाठी राब, म्हणजे पालापाचोळा, भाजून ठेवलेला, काळी राख, त्यावर तू काठीने तुझं नाव लिहिलं होतंस आणि दुसऱ्या दिवशी वाऱ्याने गेलं म्हणून रडलीस. अमृतेश्वराच्या देवळाच्या गार दगडावर दुपारी पडून राहायचो, कोणी उठवायचं नाही.

आणि काजवे. तिसऱ्या रात्री मावशींच्या मुलाने आपल्याला टॉर्च बंद करायला लावून ओढ्याकडे नेलं, आधी काहीच दिसेना, तू माझा हात घट्ट धरलास, आणि मग डोळे अंधाराला सरावले तसं समोरचं सादड्याचं झाड अख्खं एकदम उजळायचं आणि विझायचं, उजळायचं आणि विझायचं. तू कुजबुजलीस बाबा झाड श्वास घेतंय. पहिल्या दोन रात्री ढगांतून चांदणं होतं म्हणून नीट दिसले नव्हते, एकच रात्र राहून परतलो असतो तर हे झाड आपल्याला कधी भेटलंच नसतं. आता तिकडे त्या दिवसात गाड्यांची फार गर्दी होते, हेडलाईट मारतात लोक त्या झाडांवर, मला ऐकूनही त्रास होतो. पण आपण दिवाळीनंतर जाऊ, एकच जागा, चार दिवस. एक्सेल पुसून टाक.

सिनेमाचं पण बोलायचं होतं. तू म्हणालीस सिनेमे फोनवर बघते, दीडच्या स्पीडने, मेट्रोत अर्धा आणि झोपताना अर्धा. आईला आणि मला लग्नानंतर एकमेकांशी बोलायची सवय सिनेमामुळे लागली हे तुला सांगितलंय का? एकत्र कुटुंब, दोन खोल्या, आठ माणसं. महिन्यातून एकदा विजयानंद टॉकीजला नाहीतर सर्कल टॉकीजला जायचो, मी फर्स्ट शिफ्ट करून कंपनीच्या बसने थेट, आई घरून चालत, तिकिटाच्या खिडकीपाशी भेटायचं. सिनेमा कसा का असेना, परत चालत येताना तो पूर्ण बोलून व्हायचा, मेनरोडवरून, मुद्दाम लांबच्या रस्त्याने. आईची मतं मला अशीच कळली. ती हिरोवर कधी भुलायची नाही, ती म्हणायची त्याच्या आईचं कोणी बघितलं का.

आणि दादासाहेब फाळके इथलेच, 1870 चा त्र्यंबकेश्वरचा जन्म, गेले ते 1944 मध्ये नाशकातच. पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, तुझी तिथे शाळेची सहल गेलेली. पहिला मोठा सिनेमा करायच्या आधी पैसे उभे करायला त्यांनी एक छोटी फिल्म केली होती, कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभरापेक्षा जास्त दिवस रोज कॅमेऱ्याने एक एक चित्र टिपलं, कोंब वर येऊन वेल होईपर्यंत. पडद्यावर ते मिनिटभराचं. सरस्वतीबाई, त्यांच्या बायको, रात्री जागून फिल्मला भोकं पाडायच्या, पुढे सगळ्या युनिटचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. मी हे वाचलं तेव्हा आईला मोठ्याने वाचून दाखवलं, ती बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, त्या बाईंना झोप कधी मिळत असेल.

तर दसऱ्याला आलीस की एक सिनेमा थिएटरमध्ये, तिघांनी, मराठी काहीतरी लागलेलं असेलच. फोन पर्समध्ये. परत येताना गाडी नाही काढायची, चालत येऊ.

मामाकडे तेव्हा गोडी छाटणी चालू असेल, एक दिवस तिकडे जाऊ. जुने बूट आण, बागेत चिखल असतो आणि काळी माती सोल सोडत नाही. लॅबच्या त्या मुलीला विचारून ठेवतो, तुला काडीचा डोळा कापून दाखवेल. तोपर्यंत सोमवार बुधवार शुक्रवार जिमला जात राहा, फोटो वगैरे काही पाठवू नकोस मला, नुसतं गेले एवढं टाक.

बसचं तिकीट काढलं की सांग, द्वारका चौकात घ्यायला येतो. आई म्हणतेय हुलगे दळून आणलेत.

तुझा,
बाबा