नाना, तुम्ही काढून दिलेल्या नकाशाबद्दल

आदरणीय नाना,

साष्टांग नमस्कार.

परवा पावागडच्या पायथ्याच्या चांपानेरहून सायकलने परत आले, तेव्हा तुम्ही ओट्यावर नव्हता. गुडघ्याला शेक द्यायला नेलंय, असं सूनबाई म्हणाल्या. सांगायचं खूप होतं, समोर बसून जमलं नसतं, म्हणून लिहितेय. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण आपल्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या निम्म्या लोकांनी मला विचारलंय, "एकटी कुठल्या रस्त्याने गेलीस? हायवेवर भीती नाही वाटली?" मी हायवेवर गेलेच नाही, हे त्यांना खरं वाटत नाही.

तीन वर्षांपूर्वी हालोल रस्त्यावर एका टेम्पोने मागून हँडल घासलं आणि थांबलाही नाही. मनगट दोन ठिकाणी मोडलं. प्लास्टर निघालं तरी मागून हॉर्न वाजला की खांदे आपोआप वर जायचे. सायकल जिन्याखाली गेली, वर जुनी चादर. दिवाळीत तुम्ही ती चादर उचललीत, चाक हाताने फिरवून पाहिलंत आणि विचारलंत, "विकायची आहे का?" मी हो म्हटलं. तुम्ही म्हणालात, "विक. पण आधी एकदा माझ्याबरोबर डभोईला ये."

तेव्हा तुम्ही एकाहत्तर वर्षांचे होता, नाना. तुमची काळी, डायनॅमोवाली सायकल पुढे, मी मागे. पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं ओव्हरसियर म्हणून पाटांच्या कडेने फिरलेल्या माणसाला रस्ता कसा दिसतो, हे मला त्या दिवशी कळलं. मला वाटायचं, रस्ता म्हणजे डांबर. तुम्ही आधी विचारायचात, या वाटेवर कोण येतं आणि किती वाजता येतं. साडेपाचला दूधवाले, साडेसातला शाळेच्या गाड्या, नऊनंतर ओरसंगच्या वाळूचे डंपर. म्हणजे डांबरी तुकडा लागलाच तर सातच्या आत उरकायचा आणि मग गावांच्या आतून जायचं. मुख्य कालव्याच्या वाटेवर मनाईची पाटी असेल तर चाक घालायचं नाही, तिथल्या माणसाला आधी विचारायचं. पौर्णिमा, रविवार आणि नवरात्र, या दिवशी गर्दीमुळे पावागडच्या बाजूला फिरकायचं नाही. हे सगळं तुम्ही ग्राफ पेपरच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने काढून दिलंत. डेरेदार वडाला गोल, हातपंपाला फुली, कुत्री असलेल्या वस्तीला दोन टिंबं. तो कागद मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हँडलच्या थैलीत ठेवते. घड्यांवर आता फाटायला आलाय.

आणि ते नेळियुं! मराठीत याला नेमका शब्द मला अजून सापडलेला नाही. दोन शेतांच्या मधून गेलेली, दोन्ही बाजूंना थोर आणि बाभळीचं कुंपण असलेली, बैलगाड्यांनी खोल गेलेली वाट. आत शिरलं की दहा पावलांत रस्त्याचा आवाज बंद होतो. चाकाखाली भुसभुशीत माती, पलीकडे कापूस, मध्येच एरंडाचं शेत, आणि तितर कुंपणातून फडफडत निघून जातात. तिथे पहिल्यांदा माझे खांदे खाली आले. तुम्ही मागे वळून पाहिलंत आणि काही बोलला नाहीत. त्याबद्दलही आभार.

काट्यांचं तुम्ही आधीच सांगितलं होतं. कुंपण छाटल्यावर वेड्या बाभळीच्या काटक्या वाटेत पडलेल्या असतात आणि पावसाळ्यानंतर गोखरू पसरलेलं असतं. हवा थोडी कमी ठेवायची, गाडीच्या चाकोरीत राहायचं आणि उतरलं की लगेच टायरवरून हात फिरवायचा. काटा रुतून बसायच्या आत निघाला तर ट्यूब वाचते. तरीही पहिल्याच दिवशी माझं पंक्चर झालं. ट्यूब पाण्यात धरून बुडबुडा शोधायला, घासायला, सोल्यूशन लावून ते सुकेपर्यंत थांबायला तुम्ही मला शिकवलंत. "थांबायचं" यावरच तुमचा जोर होता. ओल्यावर चिकटवलेला तुकडा पाच किलोमीटरवर सुटतो.

भिलापूरजवळ तुम्ही एका शेताच्या बांधावर सायकल टेकवलीत. म्हणालात, इथेच कुठेतरी १ एप्रिल १७३१ ला लढाई झाली. एका बाजूला बाजीराव पेशवे, दुसऱ्या बाजूला सेनापती त्र्यंबकराव दाभाडे, आणि आपल्या गायकवाडांचे मूळपुरुष पिलाजीराव दाभाड्यांकडून. मराठ्यांनी मराठ्यांशी केलेली लढाई, आणि त्र्यंबकराव तिथेच पडले. त्या रस्त्याने मी बसने शंभरदा गेले असेन, खिडकीतून कधी मान वर करून पाहिलं नाही. मावशीचं सासर डभोईचं, एवढंच मला माहीत. त्या दिवशी उन्हात, तुरीच्या शेताकडे पाहत, आपण इथे का आहोत हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला.

पुढे डभोईच्या वेशीपाशी तुम्ही चार दरवाज्यांची नावं मोजून दाखवलीत. पश्चिमेचा वडोदरी, दक्षिणेचा नांदोदी, उत्तरेचा चांपानेरी, पूर्वेचा हिरा. "ही नावं म्हणजे पाट्याच आहेत," म्हणालात. कुठल्या दाराने बाहेर पडलं की कुठे पोचतो, ते तेराव्या शतकातल्या माणसाने दगडात सांगून ठेवलंय. डांबरी रस्ता नवीन सरळ रेषेत गेला, पण जुनी वाट बाजूला शिल्लक आहे, नेळियुं होऊन. हिरा भागोळच्या, म्हणजे त्या पूर्वेच्या दरवाज्याच्या, खाली उभं राहून तुम्ही मला हत्तींची ओळ दाखवलीत. एका हत्तीची सोंड झिजून गुळगुळीत झाली आहे, येणाऱ्या-जाणाऱ्यांचा हात लागून लागून. मीही हात लावला. आणि स्टेशनजवळ चहा पिताना १८६२ सालची गोष्ट. खंडेराव गायकवाड महाराजांची अडीच फुटी रुळांची मियागाम–डभोई गाडी, जी सुरुवातीला बैल ओढत होते. तुम्ही ती अशी सांगितलीत की शेजारच्या टेबलावरचे दोघे खुर्च्या घेऊन जवळ आले.

आता परवाचं सांगते. मंगळवारी शाळेला सुट्टी होती आणि पौर्णिमाही नव्हती. पाच वाजता निघाले. आजव्याच्या पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, पोचले तेव्हा फटफटत होतं. सयाजीरावांनी शहराला पाणी मिळावं म्हणून बांधलेलं ते तळं, त्या वेळी त्यावर फक्त मी आणि एक मासेवाला. तिथून तुमच्या नकाशावरच्या वाटेने गावागावांतून. एका गावात म्हशी धुणाऱ्या बाईंनी हाक मारली, "बेन, चा पीने जजो," आणि बशीत ओतून चहा दिला. हायवेवर मला कुणी थांबवून चहा दिला नव्हता. मीटरवर अठ्ठावन्न किलोमीटर झाले, हायवेपेक्षा आठ-दहा जास्तच, पण त्यात गाड्या मोजल्या त्या अकरा, आणि त्यातले सहा ट्रॅक्टर.

पावागडाच्या पायथ्याशी तुम्ही खूण केलेला ओहोळ सापडला. विश्वामित्री! आपल्याकडे मगरींची, पुलावरून वाकून पाहायची नदी, आणि इथे ती मी सायकल खांद्यावर न घेता ओलांडली. तिच्यासोबत उलटी चढत आलेय, असं मला वाटलं.

मग ती गोल उतरणारी वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर. रस्त्याच्या कडेलाच आहे, आणि गाडीतून जाणारे बहुतेक तिला ओलांडून जातात. भिंतीला धरून पायऱ्या फिरत फिरत खाली जातात, एका वेळी एकच माणूस उतरेल एवढ्या. विटा थंड होत्या, मी त्यांना कपाळ टेकवलं. नंतर जामा मशिदीत गेले. दाराच्या दोन्ही बाजूंचे सुमारे तीस मीटर उंचीचे मिनार, आणि आत दगडी जाळीतून जमिनीवर पडलेलं ऊन. १४८४ साली महमूद बेगड्याने गड घेतला आणि इथे राजधानी वसवली. पुढे १५३५ मध्ये हुमायूनने ती लुटली, आणि मग शहर ओस पडून झाडीत गेलं. २००४ पासून ते जागतिक वारसा आहे. केवडा मशिदीच्या आवारात मी दुपारी तासभर झोपले, सायकल भिंतीला टेकवून, कुलूप न लावता. हे वाचून तुम्ही रागवाल, ते माहीत आहे. पुढच्या वेळी कुलूप लावीन.

रात्री धर्मशाळेत राहिले आणि दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने परत. वाघोडियाच्या अलीकडे एका डंपरने मोठा हॉर्न दिला. खांदे वर गेले, हे खरं सांगते. पण मी उतरून बाजूला उभी राहिले, तो गेला, आणि मी पुन्हा बसले. तुम्ही असता तर हेच सांगितलं असतंत.

नाना, तुमच्या नकाशात दोन दुरुस्त्या आहेत. तिसऱ्या फुलीचा हातपंप आता बंद आहे, पण समोरच्या देवळात नळ आला आहे. आणि जिथे दोन टिंबं आहेत तिथली कुत्री आता माझ्यामागे येत नाहीत, तिथल्या मुलांना मी खारी देते. मी पेन्सिलीनेच लिहिलंय, तुम्ही बघून पक्कं करा.

जानेवारीत वढवाण्याला जायचं ठरवलंय. सयाजीरावांच्या काळातलं, शेतीसाठी बांधलेलं ते तळं, जे २०२१ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत आलं. त्याच्या पाटावर तुम्ही तीन वर्षं काम केलं, असं एकदा म्हणाला होतात. गल्लीतल्या तिघीजणी सायकलवर माझ्याबरोबर येताहेत, त्यातल्या दोघींनी शाळा सुटल्यावर सायकलला हात लावलेला नाही. तुमच्या गुडघ्याचं मला कळतं. म्हणून तुमच्या मुलाशी बोलून ठेवलंय, तो तुम्हाला गाडीने थेट पाळीवर आणेल, सकाळी साडेसातला, पक्षी उठायच्या वेळी. डभोईच्या पुढची वाट तेवढी या आठवड्यात कागदावर काढून द्या. नवीन ग्राफ पेपर मी आणलाय.

तुमची,
समोरच्या वाड्यातली, जिन्याखालच्या सायकलवाली