बडोदा डायनामाइट आठवतो का?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या पत्रव्यवहारात एका ज्येष्ठ वाचकांचं पत्र होतं. दहशतवादाच्या संशयितांना वकील, तारखा, अपील हे लाड कशाला. अमेरिकेने क्यूबातल्या ग्वांटानामोच्या लष्करी तुरुंगात केलं तसं सरळ लष्कराच्या ताब्यात द्यावं आणि विषय मिटवावा, असं त्यांचं म्हणणं. कमाटीबागेत सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींत त्या पत्राची बरीच वाहवा झाली. मला मात्र ते अजिबात पटलं नाही.

पत्रात मुंबई हल्ल्यातल्या कसाबला तुरुंगात बिर्याणी दिल्याचा दाखला आहे. ती बिर्याणी कधी शिजलीच नव्हती. ती गोष्ट आपणच रचली, असं सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी 2015 मध्ये जाहीरपणे सांगितलं आहे. तेव्हा बिर्याणी बाजूला ठेवू आणि खटल्याचं काय झालं ते पाहू. तुकाराम ओंबळे यांनी जीव देऊन त्याला जिवंत पकडून दिलं. आर्थर रोड तुरुंगातच विशेष न्यायालय बसलं, आरोपीला वकील मिळाला, सहाशेहून अधिक साक्षीदार तपासले गेले. मे 2010 मध्ये फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने आणि मग सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि 21 नोव्हेंबर 2012 ला येरवड्यात अंमलबजावणी झाली. हल्ल्याला चार वर्षंही झाली नव्हती. याच खटल्यात दोघा भारतीयांवर हल्लेखोरांना नकाशे पुरवल्याचा आरोप होता. पुरावा टिकला नाही म्हणून दोघे सुटले आणि ती सुटका सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम राहिली.

आता ज्यांचा आदर्श घ्यायचा, त्या अमेरिकेचं पाहा. 9/11 चा सूत्रधार म्हणवला जाणारा खालिद शेख मोहम्मद मार्च 2003 मध्ये रावळपिंडीत सापडला, म्हणजे कसाबच्या पाच वर्षं आधी. सीआयएने त्याला गुप्त तुरुंगांत ठेवलं आणि तोंडावर फडकं टाकून वरून पाणी ओतण्याचा प्रकार त्याच्यावर 183 वेळा केला. त्यानंतर ग्वांटानामो आणि लष्करी न्यायाधिकरण. छळ करून वदवलेलं पुराव्यात चालेल की नाही, या वादातच वर्षांमागून वर्षं गेली. 2024 च्या जुलैत गुन्हा कबूल करून जन्मठेप घ्यायची, अशी तडजोड झाली. दोन दिवसांत संरक्षणमंत्र्यांनी ती मागे घेतली. पुढे वर्षभर कज्जा होऊन जुलै 2025 मध्ये अपील न्यायालयाने संरक्षणमंत्र्यांच्या बाजूने कौल दिला आणि तडजोड बुडाली. जवळजवळ तीन हजार माणसं मेली, त्यांच्या घरच्यांच्या हाती निकाल म्हणून एक कागदही नाही. लाड कुणाचे झाले म्हणायचे?

हा घोळ अपघाताने झालेला नाही. ग्वांटानामोची मांडणीच तशी होती. युद्धकैदी म्हटलं तर युद्ध संपल्यावर सोडावं लागतं; गुन्हेगार म्हटलं तर आरोपपत्र द्यावं लागतं. म्हणून दोन्ही म्हणायचं नाही, आणि युद्ध असं की त्याला शेवटच नाही. जागाही हेरून निवडलेली. क्यूबाची जमीन, 1903 पासून अमेरिकेच्या भाडेपट्ट्यावर, म्हणजे अमेरिकेची न्यायालयं तिथवर पोचणार नाहीत असा हिशेब. 11 जानेवारी 2002 ला पहिले कैदी उतरले. एकूण सुमारे 780 माणसं तिथे गेली. नऊ तिथेच मेली. जानेवारी 2025 मध्ये अकरा येमेनींना ओमानला पाठवल्यावर 15 उरली. दोषी ठरलेले बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातल्याही काही शिक्षा पुढे रद्द झाल्या. मग बाकीचे कोण होते?

त्यातल्या एकाचीच हकीकत सांगतो. मुस्तफा ऐत इदिर हा बोस्नियात राहणारा अल्जीरियन. साराजेव्होतली अमेरिकन वकिलात उडवण्याचा कट केल्याच्या संशयावरून 2001 मध्ये त्याच्यासह सहा जणांना धरलं. तीन महिन्यांनी बोस्नियाच्या न्यायालयाने पुरावा नाही म्हणून सोडायला सांगितलं. तुरुंगातून बाहेर काढलं आणि थेट अमेरिकनांच्या हवाली केलं. ग्वांटानामोत 2004 साली लष्करी अधिकाऱ्यांच्या मंडळापुढे त्याची सुनावणी झाली. वकील नाही. आरोप वाचला: बोस्नियात असताना अल-कायदाच्या एका माहीत असलेल्या हस्तकाशी याचे संबंध होते. तो म्हणाला, नाव सांगा. मंडळाचा अध्यक्ष म्हणाला, मला माहीत नाही. मग मी उत्तर काय देऊ, असं त्याने विचारलं. नाव कळलं तर ओळखत होतो की नाही ते सांगेन. कदाचित मित्र असेल, कदाचित बरोबर काम करणारा असेल. पुढे त्याच्या बोलण्यावर मंडळातले अधिकारीही हसले, अशी नोंद आहे. मंडळाने निर्णय दिला: शत्रूचा लढवय्या. पुरावा गुप्त.

याच सहा जणांचं प्रकरण 2008 च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी जिंकलं गेलं आणि आपल्या कैदेला न्यायालयात आव्हान देण्याचा हक्क ग्वांटानामोतल्या माणसांनाही मिळाला. वकिलात उडवण्याचा आरोप तोवर सरकारने सोडूनच दिला होता. नोव्हेंबरमध्ये खालच्या न्यायालयाचे न्यायाधीश रिचर्ड लिऑन यांनी (यांना ग्वांटानामो उघडणाऱ्या राष्ट्राध्यक्ष बुश यांनीच नेमलेलं) उरलासुरला पुरावा तपासला आणि सहापैकी पाच जणांना सोडा म्हणून सांगितलं. त्यांपैकी लखदार बूमेदीन हा रेड क्रेसेंट या मदतसंस्थेचा नोकर. त्याने दोन वर्षांहून जास्त काळ अन्न घेतलं नाही. खुर्चीला बांधून नाकातून नळी घालून त्याला जगवलं. एका न्यायाधीशाने कागद उघडून पाहायला सात वर्षं लागली.

बागेतल्या मंडळींचं यावर ठरलेलं उत्तर आहे: ते परके, ते तसलेच, आपल्याला काय त्याचं? आपण बडोदेकर असं म्हणतो, याचं मला खरोखर नवल वाटतं. 1976 साली, आणीबाणीत, आपल्या गावाचं नाव देशभर गाजलं ते 'बडोदा डायनामाइट' म्हणून. सीबीआयचा आरोप असा की जॉर्ज फर्नांडिस आणि आणखी 24 जणांनी डायनामाइट मिळवून रेल्वेचे रूळ आणि सरकारी ठिकाणं उडवायचा, सरकार उलथवायचा कट केला. आजच्या कायद्याच्या भाषेत हा सरळसरळ दहशतवाद. मी तेव्हा कॉलेजात होतो. दांडिया बाजारातल्या घरात वडील खिडक्या लावून, आवाज बारीक करून बीबीसी ऐकायचे. जॉर्ज यांचा मी चाहता नव्हतो, रूळ उडवण्याची कल्पना तेव्हाही पटली नव्हती. पण बेड्या घातलेला हात वर केलेला त्यांचा तो फोटो लोकांना दिसला, कारण त्यांना दिल्लीत न्यायालयात आणावं लागत होतं. तुरुंगातूनच ते मुझफ्फरपूरहून निवडून आले, खटला मागे घेतला गेला, ते मंत्री झाले. ग्वांटानामोत पहिले कैदी उतरले त्या जानेवारीत भारताचे संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिसच होते.

ज्यांना न्यायालय दिसलंच नाही त्यांचं काय झालं, तेही याच प्रकरणात आहे. कन्नड रंगभूमी आणि चित्रपटातल्या स्नेहलता रेड्डी यांना या कटाच्या संशयावरून पकडलं आणि मिसाखाली, म्हणजे खटल्याविना डांबून ठेवण्याच्या कायद्याखाली, बंगळूरच्या तुरुंगात आठ महिने ठेवलं. दम्याचा आजार. आरोपपत्र आलं तेव्हा त्यात त्यांचं नावच नव्हतं. जानेवारी 1977 मध्ये पॅरोलवर सुटल्या आणि काही दिवसांत वारल्या. मिसाच्या कैद्याला न्यायालयात दाद मागता येत नाही, असा निकाल आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 1976 मध्ये दिला होता. विरोधात एकटे न्यायमूर्ती खन्ना. त्यांचं सरन्यायाधीशपद त्यामुळे हुकलं.

आपल्याकडे सगळं आलबेल आहे, असं मी म्हणत नाही. जामीन जवळजवळ अशक्य आणि खटला उभाच राहत नाही, अशी माणसं यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली वर्षानुवर्षं आत आहेत. गुप्त बातमीदाराचं नाव उघड करता येत नाही ही पोलिसांची अडचणही खरी. पण साक्षीदाराची ओळख झाकून, बंद दाराआड सुनावणी घ्यायची सोय कायद्यात आहे. ती वापरावी, न्यायाधीश वाढवावेत, खटले रोजच्या रोज चालवावेत.

घराजवळचंच उदाहरण द्यायचं तर अक्षरधामचं. सप्टेंबर 2002 मध्ये गांधीनगरला तीसहून अधिक माणसं मारली गेली. 'पोटा' या तेव्हाच्या दहशतवादविरोधी कायद्याखाली खटला होऊन सहा जण दोषी ठरले, तिघांना फाशी. 16 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि तपासाचे वाभाडे काढले. त्या दिवशी लोकसभेचे निकाल लागत होते, म्हणून ही बातमी आतल्या पानात गेली असणार. ही माणसं लष्करी छावणीत असती तर आजही 'अक्षरधामचे आरोपी' म्हणून तिथेच असती आणि खरा कट कुणी रचला हे विचारायची गरजही कुणाला वाटली नसती.

संपादक महाशय, एक विनंती आहे. अक्षरधामच्या त्या निकालाचा मराठीत सविस्तर सारांश आपण छापावा. रविवारच्या पुरवणीत राशिभविष्याचं एक पान कमी केलं तर जागा सहज होईल. पत्रलेखक महोदयांनी तो वाचून पुन्हा लिहिलं, तर त्यांच्याशी वाद घालायला मला आवडेल.

आपला,
एक जुना वर्गणीदार
दांडिया बाजार, बडोदे