घरी परतलेल्या मुलांच्या भीतीबाबत आरोग्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री,
कर्नाटक राज्य, बेंगळुरू

महोदय,
सविनय नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात माझी पाच वर्षांची नात न्यूमोनियामुळे बेळगावातील एका रुग्णालयात नऊ दिवस दाखल होती. उपचार उत्तम झाले. त्याबद्दल तक्रार नाही. मात्र खानापूर तालुक्यातील आमच्या गावी परतल्यावर ती पुन्हा अंथरूण ओले करू लागली, आई न्हाणीत गेली तरी दाराशी बसून रडू लागली. एके दुपारी बाहुलीच्या हाताला चिकटपट्टी गुंडाळताना ती म्हणाली, "अळबेडा, अळबेडा." आमच्या घरात कन्नड बोलले जात नाही. आईला बाहेर थांबवून सलाईनसाठी शीर शोधताना परिचारिका तिला मायेने 'रडू नको' म्हणत होत्या, पण अळबेडा हे सुईचेच नाव आहे, असा पोरीचा समज झाला होता.

लहान मुलांत रुग्णालयातून आल्यावर असे घडणे नवीन नाही. सुटलेल्या सवयी परततात, रात्री दचकून जाग येते, आजार ही आपल्या खोडीची शिक्षा आहे असेही काहींना वाटते. नेहमीचा दिनक्रम, खरी माहिती आणि 'डॉक्टर-डॉक्टर' खेळायची मोकळीक मिळाली, तर बहुतेक मुले काही आठवड्यांत सावरतात. महिना उलटूनही भीती ओसरली नाही, तर तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा लागतो. आम्हाला मिळालेल्या डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांच्या वेळा होत्या, यातले अक्षरही नव्हते. मग गावात दृष्ट काढली जाते, किंवा 'गप्प बस, नाहीतर इंजेक्शन देईन' असा दम भरला जातो. शिक्षक असताना हा दम मीही भरला आहे.

त्या कार्डामागे अर्धे पान कन्नड आणि मराठीत छापावे, एवढी माझी पहिली विनंती आहे. (भाषेचे नाव काढले की आमच्या भागात लगेच सीमाप्रश्न आठवतो, इथे तो कृपया आठवू नये.) त्याच पानावर टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा 14416 हा क्रमांक असावा, ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू असली, तरी आमच्या गल्लीत तो कोणाला ठाऊक नव्हता. घरी येणाऱ्या आशाताईंनी ताप-खोकल्यासोबत 'झोप लागते का, शाळेत जाते का' एवढे विचारावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या-शाळांत तपासणीला येतातच. नुकत्याच दाखल होऊन आलेल्या मुलांची त्यांनी वेगळी चौकशी करावी, त्यासाठी नवी यंत्रणा लागणार नाही.

आणि सुई टोचताना आई किंवा वडील जवळ राहू शकतील, असा स्पष्ट आदेश निघावा. पुढील महिन्यात नातीला रक्ततपासणीसाठी पुन्हा बेळगावला न्यायचे आहे. या वेळी आई आत थांबणार ना, असे तिने मला कालपासून चार वेळा विचारले आहे, आणि मी 'बघू' यापलीकडे काही सांगू शकलेलो नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक,
खानापूर तालुका, जि. बेळगाव