आदरणीय बाईंस, लांगदोकच्या व्रतस्थांची ओळख करून दिल्याबद्दल

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

मध्ययुगीन दक्षिण फ्रान्समधील, म्हणजे लांगदोकमधील, कॅथार या चर्चने पाखंडी ठरवलेल्या ख्रिस्ती पंथाच्या व्रतस्थांवरील माझा लेख पूर्ण झाला. ऋणनिर्देशात आपले नाव घालू नये असे आपण बजावले होते, आणि ती आज्ञा मी पाळली आहे. परंतु पाखंड्यांची चौकशी करणाऱ्या चर्चच्या धर्मन्यायालयापुढील जबान्या आपण माझ्याकडून ज्या रीतीने वाचून घेतल्यात, त्या रीतीबद्दलची कृतज्ञता जाहीरपणे व्यक्त केल्यावाचून मला राहवत नाही. म्हणून नाव न घेता हे पत्र लिहीत आहे.

या व्रतस्थांनी स्वतः लिहिलेले फारच थोडे शिल्लक आहे: दीक्षाविधीच्या पोथ्या आणि तत्त्वविचाराचे एखाददुसरे पुस्तक. बाकी जवळजवळ सारे त्यांना शोधून जाळणाऱ्यांच्या कागदांतून आपल्यापर्यंत आले आहे. 1245-46 मध्ये तुलूझ येथे डॉमिनिकन या ख्रिस्ती साधुसंघाच्या दोन चौकशी अधिकाऱ्यांनी पाच हजारांहून अधिक माणसांना बोलावून एकाच साच्यातले प्रश्न विचारले: पाखंडी कोठे पाहिलेस, कोणाबरोबर, त्यांना वंदन केलेस का, त्यांच्याबरोबर जेवलास का, त्यांना काही दिलेस का? साहजिकच उत्तरेही एकसारखी दिसतात. ‘प्रश्नाच्या साच्याबाहेर जे सांडले आहे ते आधी टिपून ठेव,’ असे आपण सांगितलेत, आणि तेव्हापासून त्या कागदांतून माणसे दिसू लागली. कोणी त्यांना मासे नेऊन दिले, कोणी भाकरी आणि अक्रोड. त्यांनी आशीर्वाद देऊन मोडलेला भाकरीचा तुकडा कोणी जपून ठेवला. पाखंड्यांशी संबंध ठेवल्याचा पुरावा म्हणून नोंदवलेल्या या गोष्टींतूनच त्या व्रतस्थांचा संसाराशी उरलेला धागा कळतो.

त्यांचे व्रत किती कठोर होते हे मी आधीही वाचले होते. ज्याच्या मस्तकावर योहानाचे शुभवर्तमान ठेवून आणि हात ठेवून दीक्षा दिली जाई, त्याने त्यापुढे मांस, अंडी, दूध, चीज यांना स्पर्श करायचा नाही, शरीरसंबंध ठेवायचा नाही, खोटे बोलायचे नाही, शपथ घ्यायची नाही, जीव घ्यायचा नाही, आणि वर्षातून तीन दीर्घ उपवासकाल पाळायचे. पण या कठोरतेचा अनुयायांशी काय संबंध होता, हा प्रश्न आपण विचारलात. सामान्य श्रद्धाळू माणूस लग्न करी, मांस खाई, बाजारात सौदे करी. व्रतस्थ दिसला की तीनदा गुडघे टेकून वंदन करी आणि आपला शेवट चांगला व्हावा म्हणून प्रार्थना करण्याची विनंती करी. मृत्युशय्येवर त्यालाही तीच दीक्षा हवी असे, आणि ती देणाऱ्याचे व्रत मोडलेले असेल तर सारे व्यर्थ, अशी धारणा होती. म्हणजे थोड्यांचे तप हा अनेकांच्या मुक्तीचा आधार होता. व्रतस्थाच्या प्रत्येक घासाकडे गाव इतक्या बारकाईने का पाहत असे, हे मला तेव्हा उमगले.

आपल्याकडच्या वाचकाला इथे जैन मुनी आठवल्याशिवाय राहत नाहीत, मलाही आठवले. आपण ती तुलना अडवली नाहीत, केवळ लांबणीवर टाकलीत. दृश्य जग दुष्ट तत्त्वाने घडवले आहे आणि मैथुनातून जे निर्माण होते ते त्या जगाची साखळी वाढवते, म्हणून अंडी आणि दूध वर्ज्य, तर मासे पाण्यातच आपोआप उपजतात असे मानल्यामुळे चालत. ही त्यांची कारणे त्यांच्या भूमीत समजून घेतल्यावर साम्य आणि अंतर दोन्ही स्पष्ट झाली. पूर्वजन्मी आपण घोडा होतो असे एका व्रतस्थाला आठवले आणि वाटेतल्या दगडांत त्या जन्मी हरवलेला नाल सापडला, ही पामिए येथील धर्मन्यायालयाच्या नोंदवहीतील कथा वाचताना आपल्या चेहऱ्यावर उमटलेला आनंद माझ्या लक्षात आहे.

व्रतस्थ स्त्रियांकडेही आपणच माझे लक्ष वळवलेत. 1204 मध्ये फाँजो येथे फ्वाच्या काउंटची बहीण एस्क्लारमाँद हिने गिल्हाबेर द कास्त्र या कॅथार धर्मगुरूकडून दीक्षा घेतली, हे सगळीकडे सांगितले जाते. गावोगावच्या घरांत सूत कातत एकत्र राहणाऱ्या, नाव नसलेल्या किंवा फक्त नावच उरलेल्या दीक्षित स्त्रियांविषयी फारसे कोणी बोलत नाही. कॅथारांचा संघटित धर्मसंघ खरोखर होता की चौकशी करणाऱ्यांनीच तो कल्पनेत उभा केला, हा इतिहासकारांतील वादही आपण मला दोन्ही बाजूंनी वाचायला लावलात. पामिएची नोंदवही त्या वादात मला मोलाची वाटते, कारण तिच्यातली माणसे चौकशी अधिकाऱ्याने विचारले त्याहून पुष्कळ अधिक बोलतात.

माँसेग्यूर या कॅथारांच्या आश्रयाच्या गडाविषयी आपण फार कमी बोललात. 16 मार्च 1244 रोजी गडाच्या पायथ्याशी दोनशेहून अधिक जण जाळले गेले. शरणागतीच्या अटींप्रमाणे धर्ममत सोडणाऱ्यास जीवदान होते, तरी शेवटच्या दिवसांत वीसएक जणांनी मुद्दाम दीक्षा घेतली. त्यांत गडाच्या स्वामीची पत्नी कोर्बा होती आणि तिची मुलगीही. व्रतस्थांनी आपल्याजवळचे तेल, मीठ, मिरी, मेण गड राखणाऱ्या सैनिकांना वाटून टाकले. ही यादी मोठ्याने वाचायला सांगून आपण त्यावर एकही शब्द बोलला नाहीत, याबद्दल मी विशेष ऋणी आहे.

आणि गिलेम बेलिबास्त. लांगदोकमधील हा शेवटचा ज्ञात व्रतस्थ. त्याने एका माणसाचा खून केला होता. पळून जाऊन दीक्षा घेतली, पिरेनीजपलीकडे कंगवे बनवून पोट भरले, रेमाँद नावाच्या स्त्रीशी गुप्त संबंध ठेवले आणि ती गरोदर राहिल्यावर तिचे लग्न भोळ्या मेंढपाळ पिएर मोरीशी लावून काही दिवसांतच ते मोडले. आईची जप्त मालमत्ता परत मिळावी म्हणून आर्नो सिक्र याने त्याला फसवून पकडून दिले, आणि 1321 मध्ये व्हिलरूज-तेर्मनेस येथे त्याला जाळण्यात आले. अनेक लेखक त्याला ढोंगी म्हणून मोकळे होतात. आपण मात्र विचारलेत, की व्रत मोडलेला हा माणूस जीव वाचवण्यासाठी धर्म का सोडत नाही, आणि सगळे पाहूनही पिएर मोरीची त्याच्यावरची माया का सुटत नाही? माझ्या लेखातले सर्वांत मोठे प्रकरण याच प्रश्नावर उभे आहे. त्याचे उत्तर मी श्रद्धेत शोधले आहे: पिएरला त्या माणसापेक्षा त्याच्या हातून मिळू शकणारा चांगला शेवट हवा होता, आणि तो देणारा दुसरा कोणी त्या काळी उरलाच नव्हता. हे उत्तर आपणांस पटेल की नाही ते ठाऊक नाही. पण पटले नाही तर आपण तसे स्पष्ट सांगाल, या विश्वासावरच मी ते लिहू शकले.

निवृत्तीनंतरचा आपला वेळ, घरातली पुस्तके आणि अपार संयम आपण मला कोणतीही अपेक्षा न ठेवता दिलात. त्याबद्दल मनःपूर्वक आभार. लेखाची प्रत सोबत पाठवत आहे.

आपली विद्यार्थिनी