माळीबुवांची फाइल

एडिसन, न्यू जर्सी
९ नोव्हेंबर २०२५

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

फोनवर सांगायचं दोनदा ठरवलं होतं, दोन्ही वेळा शब्द फुटला नाही. म्हणून हे पत्र. आई, दिवाळीत तू विचारलंस, "माळीबुवांना फराळ दिलास का गं?" मी हो म्हटलं. फराळ दिला हे खरं, पण तो त्यांच्या बायकोच्या हातात. आमचे हे मेक्सिकन शेजारी आता इथे नाहीत. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात इमिग्रेशनवाल्यांनी त्यांना उचलून नेलं आणि महिना संपायच्या आत मेक्सिकोत नेऊन सोडलं.

बाबा, आता तुमच्याशी बोलते. गेल्या ५ फेब्रुवारीला अमृतसरला अमेरिकेचं ते लष्करी विमान उतरलं. १०४ माणसं बेड्या घालून आणली होती आणि त्यात महाराष्ट्रातले तिघे होते. त्या रात्री तुम्ही फोनवर म्हणालात, "चोरवाटेनं गेले ना? मग भोगायला नको?" मी विषय बदलला. माळीबुवांकडे कागद नाहीत हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तुम्हाला नव्हतं. तुम्ही सहा महिने त्यांच्या मांडीला मांडी लावून बसलात, आणि मी एका शब्दानं बोलले नाही, कारण ते माझं गुपित नव्हतं. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून सांगते.

त्या उन्हाळ्यात मागच्या अंगणात तुम्ही दोघांनी घेवड्यासाठी मांडव घातला, तो आठवतो? भाषा ना तुम्हाला त्यांची, ना त्यांना तुमची. तुम्ही सुतळीला गाठ मारून दाखवायचात, ते ती सोडून बघायचे, मग स्वतः मारायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्यांच्या आईची गाठ तुम्हाला शिकवली, ओढली की आवळणारी आणि शेंडा धरला की एका झटक्यात सुटणारी. तुम्ही माझ्या चिमीला मध्ये घालून त्यांना वर्ध्याच्या पांडुरंग खानखोज्यांची गोष्ट सांगितलीत. इंग्रज मायदेशी येऊ देईनात तेव्हा मेक्सिकोनं त्यांना थारा दिला, चापिंगोच्या शेतकी शाळेत ते शिकवायला लागले, मक्याच्या वाणांवर त्यांनी काम केलं. माळीबुवा कितीतरी वेळ मान हलवत होते. परक्या मुलखात मूळ धरलेल्या माणसाची गोष्ट ते काय म्हणून ऐकत होते, ते मला त्या वेळीच कळत होतं.

ते दक्षिण मेक्सिकोतल्या वाहाकाचे. २००१ साली, एकोणीस वर्षांचे असताना, ॲरिझोनाचं वाळवंट पायी तुडवून आले. इथे बागकाम, बर्फ काढणं, छपरं शाकारणं, मिळेल ते केलं. २००६ मध्ये गावाकडून निरोप आला की आई आता काही दिवसांची सोबती आहे. ते गेले. अकरा दिवस आईच्या उशाशी बसले, माती दिली आणि परत निघाले. या वेळी हद्दीवर सापडले. बोटांचे ठसे घेतले, एका कागदावर सही घेतली आणि त्याच दिवशी पलीकडे सोडलं. १९९६ च्या कायद्यानं हद्दीवरच्या अधिकाऱ्याला तसा अधिकार दिलाय, न्यायाधीश लागत नाही. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा आले.

चूक होती. त्यांनी ती कधी नाकारली नाही. पण त्या एका सहीचा अर्थ एकोणीस वर्षांनी कळला. एकदा बाहेर काढलेला माणूस चोरून परत आला, तर जुनाच हुकूम पुन्हा जिवंत करतात. नवी सुनावणी नाही. मधल्या काळात लग्न झालं, दोन पोरं झाली, दरसाल कर भरला, पोलिसांत एक तक्रार नाही, यातलं काहीही कुणाला विचारात घ्यावं लागत नाही.

सकाळी सहाला ते पिकअप घेऊन कामावर निघाले आणि कोपऱ्यावरच्या सिग्नलला दोन गाड्या आडव्या आल्या. बायको त्या वेळी शाळेची बस चालवत होती. तिला फोन लागला तो साडेनऊला. तिसऱ्या दिवशी त्यांना लुईझियानाला हलवलं. ती रोज रात्री संगणकावर त्यांचा नऊ आकडी नंबर टाकून बघायची, आज नवरा कुठल्या गावी आहे. तो नंबर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिलेला आहे, दुधाच्या हिशेबासारखा.

बाबा, त्या आठवड्यात मी तुमची मुलगी आहे हे मला नव्यानं कळलं. ती कॅरीबॅगभर कागद घेऊन आमच्याकडे आली आणि सगळे टेबलावर ओतले. मी दोन रात्री बसून फाइल लावली, तुम्ही लावायचात तशी. वर अनुक्रमणिका, उजव्या कोपऱ्यात पान क्रमांक, प्रत्येक जोडपत्राला चिठ्ठी. लग्नाचा दाखला. बायकोचा जन्मदाखला, पर्थ अँबॉयचा. तिचे आई-वडील प्वेर्तो रिकोचे, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचे नागरिक. पोरांचे जन्मदाखले. सतरा वर्षांची कर विवरणपत्रं. इथे कागद नसलेल्या माणसालाही कर भरण्यापुरता नंबर देतात, त्या नंबरावर भरलेली. धाकट्याच्या दम्याची कागदपत्रं, शाळेच्या बाईंचं पत्र, चर्चचं पत्र, ज्यांच्या बागा ते राखायचे त्या नऊ घरांची पत्रं. एकूण २१४ पानं. शेवटचं पान लावताना मला वाटलं, एवढं बघून दगडालाही पाझर फुटेल.

वकीलबाईंनी ती घेतली, पानं चाळली आणि हळूच परत ठेवली. "ही दाखवायची कुणाला?" म्हणाल्या. ज्याच्यासमोर ही ठेवायची तो न्यायाधीश या प्रकरणात नाहीच. त्या फाइलवर आवकचा शिक्कासुद्धा बसला नाही. ती अजून माझ्या कपाटात आहे.

तुम्ही म्हणाल, बायको नागरिक, मग लग्नानंतरच कागद का केले नाहीत? हा प्रश्न मला ऑफिसात चार मराठी माणसांनी विचारलाय. लग्नानं हक्क मिळतो, पण तो विमानतळावरून शिक्का घेऊन आलेल्याला. हद्द ओलांडून आलेल्याला बहुतेक वेळा इथल्या इथे कागद देत नाहीत, व्हिसा आणायला आपल्या देशात जा म्हणतात. आणि वर्षाहून जास्त काळ बिनकागदाचा राहिलेला माणूस या देशाबाहेर गेला की दहा वर्षांची बंदी लागते. माफीचा एक अर्ज आहे, त्यात नागरिक असलेल्या नवऱ्याचे, बायकोचे किंवा आई-वडिलांचे हाल सिद्ध करावे लागतात. नागरिक असलेल्या लेकराचे हाल त्यात धरतच नाहीत. माळीबुवांचं तर त्याहून वाईट, कारण मध्ये तो हद्दीवरचा हुकूम होता. त्यांना दहा वर्षं देशाबाहेर घालवल्याशिवाय परत येण्याची परवानगी मागतासुद्धा येत नाही. मागितली तर मिळेलच असं नाही. लग्नानंतर ते वकिलाकडे गेले होते. वकील म्हणाला, अर्ज कराल तर स्वतःच पत्ता द्याल. मग ते कुठल्या रांगेत उभे राहणार होते, बाबा? "रांगेनं यावं" हे आपण किती सहज म्हणतो. त्यांच्यासाठी रांगच नव्हती.

तुम्ही तलाठी म्हणून लागलात, सर्कल म्हणून निवृत्त झालात. अतिक्रमण म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको. पण आपल्याकडे कायद्याला एक गोष्ट समजते, की माणूस एका जागी राहत राहिला की त्या राहण्यालाही वजन येतं. म्हणून तर तारखा ठरतात. मुंबईच्या झोपड्यांची तारीख १९९५ होती, ती २००० झाली. गावाकडच्या सरकारी जागेवरची २०११ पूर्वीची घरं नियमित करायला घेतली. इथल्या कायद्यातही अशीच तारीख आहे, १९२९ पासून. अमुक दिवसाच्या आधीपासून इथे असाल, चांगलं वागला असाल, तर कागद मिळतात. ती वेळोवेळी पुढे सरकायची. १९८६ मध्ये शेवटची सरकली, १ जानेवारी १९७२ वर आली आणि तिथेच गोठली. माळीबुवा जन्मले १९८२ साली! त्याच १९८६ च्या कायद्यानं, रेगन अध्यक्ष असताना, सुमारे २७ लाख लोक कायदेशीर झाले. त्यानंतर नागरिक मुलांच्या आई-बापांसाठी ओबामांनी २०१४ मध्ये योजना आणली, ती २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात चार विरुद्ध चार अशी अडकून संपली. नागरिकांच्या नवरा-बायकोंसाठी बायडेननी २०२४ मध्ये आणली, ती टेक्सासच्या कोर्टानं नोव्हेंबरात रद्द केली. आई-बाप दोघांपैकी एकाकडे तरी कागद नाहीत अशी नागरिक मुलं या देशात ४० लाखांहून जास्त आहेत. आमच्या शेजारची दोन त्यातलीच.

पाटणला असताना तुमच्याकडे एक म्हातारी यायची, कोयनेच्या धरणात गाव गेलेली. मी तिसरीत असेन. तिच्याजवळ कागदाचा कपटाही नव्हता. तुम्ही चार पंच बोलावलेत, जुन्या शेजाऱ्यांचे जबाब घेतलेत, अंगठे उठवलेत आणि घरी येऊन आईला म्हणालात, "माणसं साक्षीला असली की कागद तयार करता येतो." मी तेच ऐकून मोठी झाले. म्हणून त्या दोन रात्री मी नऊ घरांचे जबाब गोळा करत होते. कायदा नको असं मी म्हणत नाही. पण पंचनामाच न करता घर मोडायचं, हे तुम्ही तुमच्या नोकरीत एकदा तरी केलं असतं का?

आणि शिक्षा कुणाला झाली ते बघा. बायको नागरिक आहे, ती पहाटे पावणेसहाला बसवर जाते आणि शनिवार-रविवार गोदामात काम करते, कारण घरभाडं दोघांच्या पगारावर धरलेलं होतं. अकरा वर्षांची मोठी सकाळी धाकट्याला उठवते, पंप देते, डबा भरते. सातला दोघं आमच्याकडे येतात. शाळेत एक पिवळं कार्ड असतं, काही झालं तर कुणाला कळवायचं त्याचं. पहिल्या ओळीत बापाचा फोन होता. मोठीनं माझ्यासमोर तो पट्टी धरून खोडला, अगदी सरळ रेघ, आणि माझा लिहिला. मग पेन तसंच धरून विचारलं, "बाबांचा मेक्सिकोतला नंबर खाली लिहिला तर चालेल का?" मी म्हटलं, लिही. कार्डावर जागा नव्हती, तिनं मागच्या बाजूला लिहिला.

एक गोष्ट फक्त तुम्हा दोघांना लिहिते. मार्चमध्ये बाबांची अँजिओप्लास्टी झाली, तेव्हा मी आले नाही. ऑफिसात सुट्टी नाही असं सांगितलं होतं. सुट्टी होती. माझ्या व्हिसाचा शिक्का संपलाय, मुंबईला आले असते तर नव्या शिक्क्याशिवाय परतता आलं नसतं, आणि तारीख लांबली असती तर नोकरी, चिमीची शाळा, सगळंच लटकलं असतं. ग्रीन कार्डाच्या यादीत भारताचा नंबर कधी लागेल ते कुणी सांगू शकत नाही. मी हिशेब मांडला आणि थांबले. माळीबुवांनी २००६ मध्ये हिशेब मांडला नाही, ते आईकडे गेले. त्या जाण्याचीच किंमत आज त्यांची पोरं भरतायत. हे मला कळल्यापासून रात्री नीट झोप लागत नाही. बाबा, मी यायला हवं होतं.

टेक्सासच्या हद्दीवर एका पुलावरून त्यांना पायी पलीकडे पाठवलं. अंगावरचे कपडे आणि एक प्लॅस्टिकची पिशवी. तिथून दोन दिवस बसनं गावी पोचले. आईच्याच घरी राहतात, छप्पर एका बाजूनं बसलेलं होतं ते दुरुस्त करून घेतलंय. व्हिडिओवर शेत दाखवलं. मका, त्यावर चढवलेला घेवडा आणि बुडाशी भोपळा, आपल्या मिसळपिकासारखं. यंदाचं पीक भावानं घेतलंय, पुढच्या पावसाला हे स्वतः पेरणार. बायको-पोरांना तिकडे नेण्याचं दोघं बोलतात आणि पुन्हा थांबतात. धाकट्याची औषधं, मोठीची शाळा. ते त्यांचं त्यांनाच ठरवू दे, मी त्यात बोलत नाही.

आमच्या मांडवावरचा घेवडा थंडीनं करपायच्या आत मी शेंगा वाळवून बी काढलंय. अर्धं त्यांच्या घरी दिलं, अर्धं तुमच्यासाठी ठेवलंय.

आणि एक काम आहे. माळीबुवांनी दोनदा विचारलंय, "सेन्योर कसे आहेत, हृदयाचं काय झालं?" शनिवारी रात्री आठला पोरं त्यांच्याशी बोलतात, आमच्याच टेबलावर बसून. तुमच्याकडे तेव्हा रविवारची सकाळ, साडेसहा, तुमच्या चहाची वेळ. बाबा, येत्या रविवारी फोन जवळ ठेवा. बोलायचं चिमी बघेल, तिला आता दोन्हीकडचं येतं. ती सुटणारी गाठ तुम्हाला अजून मारता येते का, ते त्यांना बघायचंय. सुतळी घेऊन बसा.

आई, तूही बस.

तुमची,
थोरली