कांदा हुंगवून फिट थांबत नाही

संपादक महोदय,

माझ्या भावाला टेम्पोरल लोबची (मेंदूचा कानाजवळचा भाग) फिट येते, म्हणजे तो पडत वगैरे नाही, नुसता शर्टाचं बटण चाळवत ओठ चाटत बसतो आणि लोक कांदा घेऊन धावतात! दोन औषधं नीट घेऊनही फिट थांबत नसेल तर ऑपरेशनचं विचारावं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. २००१ च्या कॅनडातल्या चाचणीत वर्षभराने ऑपरेशनवाले ५८ टक्के भान हरपणाऱ्या फिटमधून सुटले, नुसत्या गोळ्यांवाले ८. आता लोबचा पुढचा भाग काढायचा, की फक्त हिप्पोकॅम्पस-अमिग्डला (त्याच लोबच्या आतले दोन छोटे भाग), की लेझरने जाळायचं? लेझरला कवटीला बारीक भोक पुरतं, नावं आठवायचा त्रासही कमी, पण फिट थांबायची शक्यता मोठ्या ऑपरेशनपेक्षा जरा कमीच. भाऊ मराठीचा मास्तर, त्यात फिट मेंदूच्या डाव्या बाजूची, जिथे बहुतेकांची भाषा असते, म्हणून तो लेझरच म्हणतोय.

एक वाचक, सातारा