दाराशी धरलेल्या त्या पट्टीबद्दल

सिस्टर,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, पण वाचलंत तर ओळखाल. बोन मॅरो ट्रान्सप्लांटच्या वॉर्डात माझ्या भावाच्या खोलीबाहेर तुम्ही रोज सकाळी वाकायचात आणि दाराखालच्या फटीशी टिश्यूपेपरची पातळ पट्टी धरायचात. ती बाहेरच्या बाजूला फडफडली की मगच पुढच्या कामाला लागायचात. चौथ्या दिवशी मी न राहवून विचारलं. खोलीत हवेचा दाब जास्त ठेवलेला असतो, म्हणून हवा आतून बाहेर जाते. पट्टी आत ओढली गेली, तर बाहेरची बुरशीही आत येणार, असं तुम्ही सांगितलंत. अ‍ॅस्परजिलसचे म्हणजे त्या बुरशीचे बीजाणू जेमतेम 2-3 मायक्रॉनचे. खोलीतली हवा गाळणारा हेपा फिल्टर ते अडवतो, पण दार सताड उघडं राहिलं तर त्याचाही इलाज चालत नाही. त्या दिवसापासून मी ते दार कधी उघडं टाकलं नाही.

त्याचे न्यूट्रोफिल, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, तेव्हा 500 च्या कितीतरी खाली होते. केमो, दात्याचं मॅचिंग, ताप यांचाच आम्ही धसका घेतला होता. श्वासावाटे गेलेली बुरशी फुप्फुसात वाढून जिवावर उठू शकते, हे आमच्या गावीही नव्हतं.

मामींनी आणलेला पुष्पगुच्छ तुम्ही दारातच थांबवलात, तेव्हा त्या फार दुखावल्या. हातातलं काम ठेवून तुम्ही त्यांच्याजवळ बसलात, फुलांवर आणि कुंडीतल्या मातीत काय असतं ते समजावलंत. मग मामीच बाकीच्यांना अडवू लागल्या!

आणि ती पोसाकोनॅझोलची, बुरशी रोखणारी गोळी. तोंडभर फोड, घोट गिळवेना. मी चुरा करायला निघाले तर तुम्ही माझा हात धरलात: ही फोडायची नाही, अख्खीच द्यायची, तीही खाण्याबरोबर. चार घास पोटात जाईपर्यंत तुम्ही त्याच्याशी गप्पा मारत बसून राहिलात. याच गोळीने सायक्लोस्पोरिनची, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या औषधाची, रक्तातली पातळी वाढते, म्हणून त्या रिपोर्टवरही तुमची नजर असायची.

आता तो घरी आहे. प्रतिकारशक्ती कमी करणारं स्टिरॉइड चालू असल्यामुळे बुरशीची ती गोळीही चालूच आहे. काल शेजारी भिंत फोडायला सुरुवात झाली. धुळीबरोबर बुरशी आत येऊ नये म्हणून मी उठायच्या आत त्याने खिडक्या लावून घेतल्या आणि म्हणाला, "ताई, सिस्टरना कळव."

म्हणून हे पत्र. मनापासून आभार.

त्याची ताई